आधी पाहणी, मग पंप

भिलाईत होळीच्या आगेमागे फोन सुरू होतात. तक्रार झाडाची नसते, गाडीची असते. "झाडाखाली गाडी लावली की काच चिकट होते. फवारणीला माणूस पाठवा, नाहीतर झाडच काढून टाका." कॉलन्यांमधल्या बागा आणि झाडं सांभाळण्याची कंत्राटं घेणं हा माझा धंदा. वडील भंडाऱ्याकडून इथल्या पोलाद कारखान्यात आले. मी मात्र मातीच्या कामात रमलो. कारखान्याचा करार १९५५ चा, पहिली झोतभट्टी १९५९ ला सुरू झाली. त्यामागोमाग सेक्टर वसले, रस्ते आखले गेले, कडेने झाडं लागली. त्यांतली बरीच आता उतारवयाला लागलीत. नव्या कॉलन्यांतली झाडं तर फरशीत ठेवलेल्या चौकोनातच वाढताहेत. या झाडांचा रस पिणाऱ्या किडींशी माझा रोजचा संबंध. त्या व्यवहारात जे शिकायला मिळालं, ते इथे मांडतो.

१. चिकट थेंब झाड गाळत नाही, कीड गाळते

मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, मऊ खवले कीड या सगळ्यांना चावायचं तोंड नसतं, सोंड असते. पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांतून खाली वाहते, त्या नळीत सोंड खुपसायची आणि पीत राहायचं, एवढंच त्यांचं काम. त्या रसात साखर पुष्कळ, पण अंग वाढायला लागणारा नत्र अगदी थोडा. म्हणून रस भरमसाट प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागून टाकून द्यावी लागते. तुमच्या काचेवर पडतं ते हेच.

त्या साखरेवर मग काळी बुरशी धरते आणि पानं काजळल्यासारखी दिसतात. पोलादाच्या गावात काळं दिसलं की बोट आधी धुरांड्याकडे जातं. तपासायला सोपं आहे. ओल्या अंगठ्याने पान घासा. धूळ असेल तर चिखल होईल. बुरशी असेल तर पातळ पापुद्रा सुटेल आणि खालचं पान हिरवंगार निघेल. आणि बुरशी ज्या पानावर, कीड त्याच्या वरच्या पानाच्या मागे. म्हणून काळं पान खुडून काही साधत नाही, मान वर करून वरची फांदी बघावी लागते.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. कडक कवचाची खवले कीड असा थेंब गाळत नाही, कारण ती साखरेच्या नळीतून पीतच नाही, आजूबाजूच्या पेशी रिकाम्या करते. तिथे ना चिकटपणा, ना काजळी. फांदी गुपचूप वाळत जाते आणि सालीवर बारीक टिकल्या दिसतात, त्या नखाने खरवडल्या की निघतात.

२. नाव कळल्याशिवाय औषध आणायला जायचं नाही

आमचे बहुतेक माळी दुर्ग जिल्ह्यातल्या धानाच्या गावांतले. भुऱ्या माहोने उभं पीक कसं बसतं हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. आमच्या भंडाऱ्याकडे त्यालाच तपकिरी तुडतुडा म्हणतात आणि तितकंच घाबरतात. त्यामुळे झाडावर काहीही दिसलं की "साहब, माहो लग गे हे" हे ठरलेलं, आणि औषधही दुकानदार देईल ते.

यावर माझा उपाय म्हणजे एक पांढरा कागद आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. कागद फांदीखाली धरायचा, फांदीवर दोन टिचक्या मारायच्या. तिरकं चालत जाऊन उडी मारतो तो तुडतुडा. फांदी हलताच भुरकन उडून पुन्हा पानामागे बसते ती पांढरी माशी. कागदावर पडून संथ चालतो तो मावा. काहीच पडलं नाही आणि फांदीच्या बेचक्यात कापूस दिसला, तर पिठ्या ढेकूण.

पण काही वेळा किडीची शंका जिथे येते तिथे कीटक नसतोच. करंजाच्या पानांवर बोटांसारख्या उभ्या गाठी येतात. त्या कोळ्याच्या जातीच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाच्या. त्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे गटारात. करंजाला त्या गाठींचं फारसं सोयरसुतकही नसतं.

सप्तपर्णीची, म्हणजे आपल्या सातविणीची गोष्ट वेगळी. तिच्या पानांवर पुटकुळ्यांसारख्या टणक गाठी येतात. एक गाठ ब्लेडने उभी चिरून बघा. आत पोकळी, आणि त्या पोकळीत फिकट रंगाचं चपटं पिल्लू, सोंड आतल्या भिंतीत रोवून बसलेलं. हे पौरोप्सिला नावाच्या उड्या तुडतुड्याच्या नात्यातल्या किडीचं पिल्लू. मोठं झालं की गाठ फुटते आणि पंखवाला किडा बाहेर पडतो. म्हणजे फवारणी करून बाहेरचं पान धुतलं जातं, आतल्याला पत्ताही लागत नाही. लहान झाड असेल तर गाठी असलेली पानं खुडून जाळा. मोठं असेल तर सोडून द्या, सातवीण याने मरत नाही.

फायकसच्या कुंपणाची पानं मधोमध दुमडलेली दिसतात, तो फुलकिड्यांचा उद्योग. घडी उलगडली की आत काळे प्रौढ आणि पिवळसर पिल्लं एकत्र नांदताना दिसतात. इथेही औषधापेक्षा कात्री बरी.

३. मुंग्यांची रांग म्हणजे पहारा

झाडावर कीड आहे का हे बघायला मी वर चढत नाही, आधी बुंधा बघतो. मुंग्या वर-खाली करत असतील आणि उतरणाऱ्यांची पोटं फुगलेली, पारदर्शक दिसत असतील, तर वर गोड थेंबांचं कोठार आहे. मुंग्या हा थेंब फुकट नेत नाहीत. बदल्यात किडीला खायला येणाऱ्या ढालकिड्यांना आणि बारीक गांधीलमाश्यांना हाकलतात.

पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या यात सगळ्यांत कडक. बस्तरात यांचीच चापडा चटणी होते, आणि खाल्लेल्याला तिची आंबट झणक विसरता येत नाही. आंब्यावर याच मुंग्या पानं खाणाऱ्या अळ्या मारतात, तो त्यांचा उपकार. पण खवले कीड आणि पिठ्या ढेकूण मात्र जपतात.

म्हणून कीड वाढली असेल तर पहिला इलाज मुंग्यांची वाट तोडण्याचा. बुंध्याला कापडाचा किंवा प्लॅस्टिकचा घट्ट पट्टा गुंडाळायचा आणि त्यावर ग्रीस लावायचं. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही, साल खराब होते. आणि पट्ट्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे भिंतीला, पत्र्याला, केबलला टेकलेल्या फांद्या मोकळ्या करायच्या. एक फांदी गच्चीला टेकलेली राहिली तर खालचं ग्रीस शोभेपुरतं.

४. पांढरं दिसलं म्हणून चिरडू नका

पिठ्या ढेकणांच्या गर्दीत कधीकधी एक जरा मोठा, जास्त झिपऱ्या असलेला पांढरा किडा दिसतो. माळ्याला वाटतं हा त्यांचा म्होरक्या, म्हणून तो आधी चिरडतो. गवताची काडी घेऊन त्याला हलकं ढकलून बघा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. हा तुरुतुरु पळतो. कारण तो ढेकूण नव्हेच, क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी आहे आणि ती ढेकूण खायला आली आहे. अंगावरचं पांढरं मेण हा तिचा वेश. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो १८९८ मध्ये आणला गेला आणि आता बऱ्याच ठिकाणी विकतही मिळतो. प्रौढ लहान, काळा, डोकं आणि मागचं टोक नारिंगी.

आणखी दोन पाहुणे ओळखायला शिकलं पाहिजे. स्पॅल्जिस नावाच्या छोट्या फुलपाखराची अळी पिठ्या ढेकूण खाते, फुलपाखरांच्या अळ्यांत हे दुर्मीळच. तिचा कोष जवळून बघितला की माकडाचं तोंड दिसतं. आणि ढेकणांमध्ये काही तपकिरी, टणक, फुगलेले दिसतात, ते मेलेले असतात. आत बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. कपाशीवर आणि जास्वंदीवर येणाऱ्या ढेकणांत हे नेहमी सापडतं. दहा ढेकणांत तीन-चार असे तपकिरी दिसले की मी पंप गाडीतच ठेवतो. त्या वेळी औषध मारलं तर ढेकूण मेणामुळे वाचतात आणि मरतात त्या गांधीलमाश्या. महिन्याभराने कीड दुप्पट होऊन परत येते आणि लोक म्हणतात औषध कमी पडलं.

५. बाहेरून आलेली कीड एकटी येते, तिचा शत्रू मागे राहतो

चाफा आणि जास्वंद पांढऱ्याशुभ्र ढेकणांनी भरून गेलेली बघितली असतील. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. भारतात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला आणि पपई, तुती, साबुदाण्याचा कंद यांच्यासकट बागेतली झाडंही त्याने धरली. औषधांवर औषधं मारली गेली, उपयोग शून्य. २०१० मध्ये प्युर्टो रिकोतून त्याचे शत्रू असलेल्या बारीक गांधीलमाश्या आणून सोडल्या, त्यांतली ॲसेरोफॅगस नावाची सर्वांत कामाची ठरली आणि कीड आटोक्यात आली.

हा मार्ग जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागा कापशी खवले किडीने बसायला आल्या होत्या, तेव्हा १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून एक ढालकिडा नेऊन सोडला आणि बागा वाचल्या. कीड उलट दिशेनेही जाते. आपल्याकडे फायकसवर आढळणारी एक पांढरी माशी २००७ मध्ये फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या फायकसच्या उंच कुंपणांची पानं झडून काड्या उरल्या. आपल्याकडे ती कुणाच्या खिजगणतीत नाही.

म्हणून नवी, अनोळखी कीड दिसली तर घरगुती प्रयोग न करता डहाळी पिशवीत बंद करून कृषी विज्ञान केंद्रात किंवा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात कीटकशास्त्र विभागात दाखवावी. तिचा शत्रू इथे पोचलाय का, हे तेच सांगू शकतील.

६. कीड पानावर असते, कारण बुंध्याशी असतं

हे कळायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. एकाच रस्त्यावर, एकाच जातीची, एकाच वयाची झाडं. एक किडीने पांढरं, दुसरं साफ. फरक बघायला खाली बघावं लागतं. कीड असलेल्याच्या बुंध्याला फरशी भिडलेली असते, किंवा नळाच्या खोदाईत एका बाजूची मुळं तुटलेली असतात, किंवा त्याच्यावर समोरच्या काचेच्या इमारतीची झळ येत असते.

अमेरिकेतल्या रॅले शहरात २०१३ मध्ये रस्त्यांवरच्या ओक झाडांचा अभ्यास झाला. शहराच्या सर्वांत तापलेल्या भागांतल्या झाडांवर खवले कीड थंड भागांतल्या झाडांपेक्षा तेरापट होती. कीटकाच्या अंगात स्वतःची ऊब नसते; हवा तापली की त्याची वाढ आणि वीण वेगाने होते. त्याच उन्हात झाड मात्र तहानलेलं. आमच्या भिलाईत मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा डांबर आणि फरशी यांच्या मधल्या झाडाचं काय होत असेल याचा विचार करा.

मुंबईत गेल्या दशकात रेन ट्री मोठ्या संख्येने वाळले. त्यांवर पिठ्या ढेकूण होता हे खरं, पण झाडांच्या जाणकारांनी बुंध्याभोवतीच्या काँक्रीटकडेही बोट दाखवलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो नियम मी माझ्या कामात सरसकट वापरतो. फरशी फोडायची, माती खुरप्याने हलकी करायची, पालापाचोळा जाळण्याऐवजी तिथेच पसरायचा, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर, मुरेल असं पाणी द्यायचं. रोजच्या शिंपडण्याने वरची दोन बोटं माती ओली होते, मुळांना काही मिळत नाही.

७. कोवळी पालवी म्हणजे किडीला आवतण

तारांखालची झाडं पावसाळ्याच्या तोंडाला सपासप छाटली जातात. मग त्या ठुंठांतून एकदम जोमाने कोंब फुटतात, कोवळे, रसदार, पातळ सालीचे. मावा आणि ढेकूण यांना हेच हवं असतं. त्यातच कुणी "झाड लवकर भरावं" म्हणून युरिया टाकला की रसातला नत्र वाढतो आणि किडीची पिल्लावळही. छाटणी थोडी, पण दरवर्षी. वर्षाला एक-चतुर्थांशापेक्षा जास्त पालवी काढायची नाही. खत द्यायचंच तर कुजलेलं शेणखत.

८. कडुलिंब वाळला म्हणून मेला असं धरू नका

कडुलिंबाला कीड लागत नाही, हा समज आपल्या हाडीमाशी मुरलेला. तेलंगणात २०२१ च्या सुमारास कडुलिंबांचे शेंडे मोठ्या प्रमाणावर वाळले, तेव्हा लोक हवालदिल झाले. शेंडेमर करणारी बुरशी आणि तिच्या जोडीला टी मॉस्क्विटो बग नावाचा रसशोषक ढेकूण, असं ते दुखणं होतं. हा ढेकूण कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसतो, तिथे काळे डाग पडतात, आणि जखमेतून बुरशीला वाट मिळते.

अशा झाडावर कुऱ्हाड चालवण्याआधी वाळलेल्या फांदीची साल नखाने खरवडत खाली या. जिथे हिरवी ओल लागली तिथपासून झाड जिवंत. बहुतेक वेळा वाळलेला भाग शेंड्यापुरता असतो आणि फाल्गुन-चैत्रात खालून पालवी येते. वाळलेले शेंडे हिरव्या भागात चार बोटं आत कापून जाळावेत, कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसावी.

९. पाणी, मग साबण, मग निंबोळी, बाकीचं त्यानंतर

लहान आणि मध्यम झाडांसाठी माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा नळीने जोरदार पाणी, पानांच्या मागच्या बाजूने. खाली पडलेला मावा बहुधा परत चढू शकत नाही, त्याची सोंड तुटलेली असते. धूळही धुतली जाते, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण धुळीने माखलेल्या पानावर बारीक गांधीलमाश्यांना काम करता येत नाही.

त्याने भागलं नाही तर मऊ साबणाचं पातळ पाणी, त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, फडक्याने गाळायच्या आणि पाणी घालून शंभर लिटर करायचं. त्यात थोडा साबण, म्हणजे ढेकणाच्या मेणावरून ते ओघळून जात नाही. फवारणी संध्याकाळी, दुपारी मारलं की पानं करपतात. व्हर्टिसिलियमची भुकटी पाच ग्रॅम एका लिटरला, पण ती बुरशी आहे, तिला दमट हवा लागते. श्रावणात मारा, वैशाखाच्या लूमध्ये मारणं फुकट.

चाळीस फुटी गुलमोहरावर फवारणी ही मात्र दाखवण्याची गोष्ट. औषध वर पोचतं निम्मं, बाकी खालच्या भाजीवाल्यावर आणि लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. मग कुणीतरी इमिडाक्लोप्रिड बुंध्यात टोचायचा किंवा मुळाशी ओतायचा सल्ला देतो. ते झाडात भिनतं, म्हणजे फुलांतही उतरतं, आणि फुलावर मधमाशी येते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्यावरच्या पिकांवर त्याचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. २०१९ मध्ये स्पेनमधल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: अशा झाडावरच्या ढेकणाने गाळलेल्या गोड थेंबातही औषध उतरतं आणि तो थेंब चाटणारे किडीचे शत्रू मरतात. म्हणजे औषध वाचवणाऱ्यालाच आधी गाठतं. फुलणाऱ्या झाडाला मी ते देत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल.

१०. काही कामांना मुहूर्त असतो

आंब्याच्या मोठ्या पिठ्या ढेकणाची मादी उन्हाळ्यात खाली उतरून मातीत अंडी घालते. थंडीत पिल्लं निघतात आणि बुंध्यावरून वर चढतात. ती चढली की मग मोहराचं काही खरं नाही. म्हणून डिसेंबरच्या मध्यात बुंध्याला फूटभर रुंद प्लॅस्टिकचा पट्टा, दोन्ही कडा सुतळीने घट्ट, खालच्या कडेला ग्रीस. सालीच्या भेगा आधी मातीने लिंपायच्या, नाहीतर पिल्लं पट्ट्याखालून जातात. त्याआधी, उन्हाळ्यात, बुंध्याभोवतीची माती उकरून तापू द्यायची. इथे कीड दिसायची वाट बघणं म्हणजे काम हुकणं.

बाकी किडींच्या बाबतीत उलट. मार्च ते जूनचा चढ बघून घाबरायचं नाही. मृगाच्या दोन दणकेबाज सरी पडल्या की निम्मी कीड आपोआप धुऊन जाते.

११. एकाच जातीची रांग लावू नका, आणि रोप उलटं करून बघा

नव्या कॉलनीला फाटकापासून शेवटपर्यंत एकसारखी झाडं हवी असतात. दिसायला छान. सुबाभळीचं काय झालं ते आठवा. झपाट्याने वाढते म्हणून देशभर लावली, आणि १९८८ मध्ये तिच्यावरचा सिलिड नावाचा रसशोषक किडा दक्षिणेत उतरला तेव्हा रांगाच्या रांगा शेंडे जळाल्यासारख्या झाल्या. अमेरिकेतल्या सांतामोर या वृक्षतज्ज्ञाने १९९० मध्ये एक साधं प्रमाण सुचवलं: शहरात एका जातीची झाडं दहा टक्क्यांच्या वर नकोत, एका प्रजातीगटाची वीसच्या, एका कुळाची तीसच्या. मी करंज, कडुलिंब, ताम्हण, बहावा, कदंब असे मिसळून लावतो. एकाला लागलं तर शेजारी वाचतो.

रोपं ट्रकने लांबून येतात. ट्रक कुठूनही येवो, प्रत्येक रोपाच्या पानांची मागची बाजू आणि बेचके बघितल्याशिवाय उतरवून घ्यायचं नाही. त्यानंतरही पंधरा दिवस जुन्या रोपांपासून दूर ठेवायचं.

१२. रस पिणारा प्रत्येक जण वैरी नसतो

आमच्या राज्यात पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर मुद्दाम कीड चढवतात. लाखेचा किडा खवले किडीचाच भाऊबंद. तसाच सोंड रोवून रस पितो, अंगावर राळ साठवतो. देशातली बहुतेक लाख झारखंड आणि छत्तीसगडमध्ये पिकते, आणि रांचीजवळ नामकुमला तिच्यासाठी १९२४ पासून संस्था आहे. थायलंडमध्ये तर रेन ट्रीवर लाखेची शेती होते. किडीचा भार झाड किती आणि केव्हा सोसेल याचा अंदाज लाख पिकवणाऱ्या माणसाइतका कुणालाच नसतो. तो सगळ्या फांद्यांवर एकदम बीज बांधत नाही, एका हंगामानंतर झाडाला विसावा देतो. शहरातल्या झाडाला विसावा कोण देतं? थोडी कीड आणि मोकळी माती असेल तर झाड निभावून नेतं.

१३. कंत्राटात काय लिहिता ते बघा

सोसायटीच्या सभेत पहिला प्रश्न असतो, "महिन्यातून किती वेळा फवारणी?" कागदावर तेच लिहिलं जातं, आणि मग गरज असो नसो, पंप चालतो. कारण पंप दिसतो, आवाज करतो, वास येतो, आणि बिलावर लिटर दाखवता येतात. पाहणी कुणाला दिसत नाही, म्हणून तिचे पैसे कुणी देत नाही. वर लिहिलेलं सगळं ज्ञान या एका ओळीपुढे लुळं पडतं.

म्हणून मी ती ओळच बदलून घेतो: "दर पंधरवड्याला प्रत्येक झाडाची पाहणी, पानामागचे फोटो, बुंध्याची माती, मुंग्या आणि किडीचे शत्रू यांची नोंद, फवारणी कारण लिहूनच." दर पाहणीचा लावतो, औषधाचा खर्च वेगळा आणि लागेल तेवढाच. सुरुवातीला सेक्रेटरी कुरकुरतात. वर्षाच्या शेवटी औषधाचं बिल समोर ठेवलं की दुसऱ्या वर्षीच्या कागदावर सही करतात.